सात भोकांचा डबा

लग्नात आईनं दिलेल्या भांड्यांपैकी एकच भांडं माझ्याबरोबर हॉलंडला आलं. पाच किलोचा स्टीलचा डबा. बुडाशी नाव घातलेलं: माझं नाव, लग्नाची तारीख आणि खाली ‘आईकडून’. निफाडच्या दुकानात तो माणूस टकटक करत अक्षरं उमटवत होता, तेव्हा आई शेजारी बसून काना-मात्रा तपासत होती. आज तो डबा हारलेममधल्या आमच्या घरामागच्या शेडमध्ये फळीवर असतो. त्यात लाडू ठेवता येत नाहीत, डाळही ठेवता येत नाही, कारण त्याच्या झाकणाला सात भोकं आहेत. ती ज्यांनी पाडली, त्यांच्याविषयी लिहायचं आहे.

नावानं मी त्यांना कधी हाक मारली नाही. डच भाषेत शेजाऱ्याला ‘ब्यूरमन’ म्हणतात, शेजारणीला ‘ब्यूरफ्राउ’. पंधरा वर्षं आम्ही एकमेकांना एवढंच म्हणालो. त्यांच्या भाषेतही अहो-जाहो आहे. ‘यू’ म्हणजे अहो, ‘ये’ म्हणजे अरे. “मला यू म्हणू नकोस, उगाच म्हातारा झाल्यासारखं वाटतं,” असं ते सत्तराव्या वर्षी म्हणाले. माझ्या तोंडून ‘ये’ कधी निघालं नाही. निफाड तालुक्यात वाढलेल्या पोरीच्या जिभेला ते वळण नाही.

आम्ही आलो २००४ साली, ऐन पावसाळी ऑक्टोबरात. नवऱ्याची नोकरी ॲम्स्टरडॅमला, घर हारलेमला, आणि मी दिवसभर घरात. पंधरा दिवसांत दिवाळी आली. चकल्या आणि बेसनाचे लाडू केले, आईच्या डब्यात भरले आणि शेजारच्या दारावरची घंटा वाजवली. उंच, किंचित वाकलेले, हातमोजे घातलेले एक आजोबा दारात आले. डबा घेतला, मान हलवली, दार लावलं. दोन दिवसांनी डबा आमच्या पायरीवर होता. घासलेला, पुसलेला, रिकामा.

मला ते लागलं. आमच्याकडे वाटीभर कालवण गेलं तरी वाटी रिकामी परत येत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. रिकामं भांडं देणं म्हणजे येणंजाणं इथं संपलं असं सांगणं.

दुसरा धक्का आठवड्याभरात बसला. आमच्या मागच्या दोन वावभर मातीत काय लावू, असं मी मोडक्यातोडक्या इंग्रजी-डचमध्ये विचारलं, तर ते बाजारातून ट्युलिपचे पंचवीस कंद घेऊन आले. मला भरून आलं. पिशवीत खाली चिठ्ठी होती: २५ कंद, ६ युरो २५ सेंट. मी पैसे मोजून दिले आणि संध्याकाळी नवऱ्याला म्हणाले, “हे लोक वाण्यासारखे आहेत.”

कंद हातात घेतले तेव्हा मात्र परकं काही वाटलं नाही. तांबूस पापुद्रा, खाली मुळांची चकती, वर टोक. आमच्या घरी हेच पीक. लासलगावच्या बाजार समितीत माझ्या वडिलांचा, अण्णांचा ट्रॅक्टर उभा राहायचा आणि संध्याकाळी घरी येणारा भाव त्यांच्या चेहऱ्यावर वाचता यायचा. गोल्टी वेगळी, मोठा माल वेगळा, जोडकांदा बाजूला, हे मला अक्षरं यायच्या आधी यायला लागलं होतं. कांद्याची लेक मी, मला लावायला कोण शिकवणार? मी पंचवीसही कंद आमच्या पद्धतीनं लावले, खांदे मातीबाहेर ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहते तर ब्यूरमन कुंपणापलीकडून वाकून बघताहेत. काही बोलले नाहीत. फाटकातून आत आले, सगळे कंद उपसले, एक कंद घेऊन त्यावर दुसरा, त्यावर तिसरा असा हवेत रचून दाखवला. तीन कंदांची उंची, तेवढं खोल. म्हणजे साधारण वीतभर. टोक वर. दोन कंदांमध्ये दोन कंदांची जागा. “वर ठेवलेस तर थंडी खाईल, नाहीतर उंदीर खाईल,” ते म्हणाले. मग आपल्या ढोपरांवर बसून त्यांनी सगळे पुन्हा लावले आणि निघून गेले. या कामाचं बिल आलं नाही. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पुढच्या काही वर्षांत त्यांनी मला जे शिकवलं ते सगळं असंच, बोटांनी. मातीतलं पाणी वाहून गेलं पाहिजे. हारलेम ते लायडनच्या मधला पट्टा समुद्राच्या वाळूचा, म्हणून तिथे कंदांची शेती वाढली. कुंडीत लावायचे तर तळाला फुटक्या मडक्याचे तुकडे, त्यावर वाळू मिसळलेली माती, सर्वांत खाली ट्युलिप, मधल्या थरात हायसिंथ, वर क्रोकस. याला डच लोक गमतीनं ‘लझान्या’ म्हणतात. वरचे आधी फुलतात, खालचे शेवटी, आणि एका कुंडीत दोन महिने फुलं राहतात. कंदाची एक बाजू चपटी असते, ती कुंडीच्या काठाकडे करायची, म्हणजे पहिलं मोठं पान बाहेरच्या बाजूला पडतं. साठवलेल्या कंदांजवळ सफरचंदं ठेवायची नाहीत. मी एकदा शेडमध्ये पेटी ठेवली, तर ते ओरडलेच; पिकणाऱ्या फळातून जो वायू निघतो त्यानं कंदाच्या पोटातलं फूल मरतं. पोटातलं फूल म्हणजे काय हे दाखवायला त्यांनी ऑक्टोबरात एक कंद सुरीनं उभा चिरला. मधोमध, तांदळाच्या दाण्याएवढी, पाकळ्या-पुंकेसरांसह कळी होती. उन्हाळ्यात फळीवर कोरडा पडलेला असतानाच कंद ती घडवतो. मग फक्त थंडी लागते.

थंडीवरून मी एकदा त्यांच्यापुढे बढाई मारली. महाराष्ट्रात पारा सर्वांत खाली गेला की पेपरात आमच्या निफाडचं नाव येतं, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “किती आठवडे?” मी म्हटलं, आठवडे नाही, काही रात्री. दुपारी ऊन असतंच. त्यांनी मान हलवली. ट्युलिपला बारा ते सोळा आठवडे सलग गारवा लागतो, नऊ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली. “तुमची थंडी पाहुणी आहे,” ते म्हणाले. “आमची घरात राहते.”

आमचं वेळापत्रक मात्र छान जमलं होतं. दिवाळीचा फराळ झाला की कंद लावायचे, पाडव्याच्या आसपास कळ्या रंग धरायच्या. पहिल्या वर्षी गुढीला हार कुठून आणायचा असा प्रश्न होता. त्या भागात वसंतात फुलांच्या माळा करून मोटारींच्या नाकावर बांधायची जुनी रीत आहे. ब्यूरमननी दोऱ्यात ओवलेली फुलांची माळ आणून दिली आणि उलटा तांब्या, साडी, साखरेच्या गाठी बघत बराच वेळ उभे राहिले. माळेचे पैसे त्यांनी सांगितले: १ युरो, दोऱ्याचा.

एका एप्रिलमध्ये ते मला सायकलवरून हिलेखोम-लिसच्या शेतांकडे घेऊन गेले. क्षितिजापर्यंत लाल, पिवळे, जांभळे पट्टे. मी बघतच राहिले, आणि तेवढ्यात एक यंत्र आलं आणि त्या पट्ट्यांवरून फिरत फुलांची मुंडकी छाटत गेलं. सऱ्यांमध्ये पाकळ्यांचा खच पडला. माझ्या तोंडून ‘अहो!’ निघालं. त्यांनी समजावलं: शेतकरी इथे फूल विकत नाही, कंद विकतो. फूल उमललं, जात बरोबर आहे, रोग नाही, एवढं पाहून झालं की ते काढायचं, म्हणजे बी धरण्यात ताकद जात नाही, सगळी खाली उतरते. पानं मात्र पिवळी पडेपर्यंत हात लावायचा नाही.

मी खदखदून हसले. आमच्याकडे कांद्याला फुलाचा दांडा आला की त्याला डेंगळा म्हणतात, आणि डेंगळा दिसला की अण्णा शिव्या घालत मोडायचे. मध्यभागी दांडा धरलेला कांदा बाजारात कोण घेणार? लहानपणभर मी कांद्याचं फूल ही चूक म्हणून ओळखलं होतं. मी त्यांना ते सांगितलं. माना पडल्या की काढणी, पात सुकवायची, मग चाळीत भरायचा, हेही सांगितलं. सत्तरी ओलांडलेला हा माणूस शेताच्या बांधावर सायकल धरून ‘डेंगळा, डेंगळा’ म्हणून बघत होता. त्यानंतर आमच्या अंगणात वाळलेलं फूल दिसलं की कुंपणापलीकडून आवाज यायचा: “ब्यूरफ्राउ, डेन्खला!”

आता डब्याचं. २००५च्या दिवाळीत मी धीर करून, शब्दकोश उघडून त्यांना सांगितलं की आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. त्यांनी गंभीरपणे ऐकलं, डबा घेतला. मग नाताळ गेला, पाडवा गेला, डब्याचा पत्ता नाही. मागावा कसा? मीच तर नियम सांगितला होता. जुलैमध्ये एका संध्याकाळी ते डबा घेऊन दारात उभे. आत त्यांच्या वाफ्यातले, जूनमध्ये काढून सुकवलेले कंद. “रिकामा द्यायचा नाही म्हणालीस ना? भरायला वेळ लागला.”

आणि झाकणाला ड्रिलनं पाडलेली सात भोकं. मधे एक, भोवती सहा, अगदी मापून.

मी ‘थँक यू’ म्हटलं आणि दार लावून रडले. आईच्या डब्याला भोकं! दोन दिवस मी अंगणात गेले नाही. तिसऱ्या दिवशी निफाडला फोन लागला तेव्हा अण्णांनाच सगळं सांगितलं. ते पलीकडून शांतपणे म्हणाले, “मग बरोबर केलं की त्या माणसानं. कांद्याला वारा नको का?” मी गप्प झाले. आमची चाळ जमिनीपासून वर उचललेली, बाजूंना पट्ट्यांच्या फटी, खालूनही वारा खेळता. बंद खोलीत कांदा चार दिवसांत घामेजतो हे मला माहीत नव्हतं का? झाकण उंदरांसाठी, भोकं वाऱ्यासाठी. हा माणूस माझ्या बापाच्या भाषेत बोलत होता आणि मी बुडावरचं नाव धरून बसले होते. त्या कंदांबरोबर चिठ्ठी नव्हती, हेही मला फोन ठेवल्यावर दिसलं. पुढे दरवर्षी डबा गेला आणि भरून आला, आणि डब्यातल्या कंदांचं बिल कधी आलं नाही. बाजारातून आणलेल्यांचं मात्र सेंटापर्यंत यायचं.

ते असं का करतात, ते मला २०११च्या नोव्हेंबरात कळलं. आम्ही दोघं त्यांच्या वाफ्यात कंद लावत होतो. मी सहज विचारलं, “हा खाता येतो का हो?” कांदेवाल्याच्या मुलीनं विचारावा असाच प्रश्न.

“येतो,” ते म्हणाले. “मी खाल्लाय.”

मग हात न थांबवता बोलत राहिले. ते तेव्हा दहा वर्षांचे होते. १९४४च्या सप्टेंबरात डच रेल्वे कामगारांनी दोस्त सैन्याच्या मदतीसाठी संप केला आणि जर्मनांनी देशाच्या पश्चिम भागाची अन्नवाहतूक अडवली. त्यात कडाक्याची थंडी पडली, कालवे गोठले. त्या हिवाळ्याला तिथे ‘भुकेचा हिवाळा’ म्हणतात. सुमारे २० हजार माणसं गेली. लढाईमुळे परदेशी विक्री थांबलेली, त्यामुळे कंद मात्र होते. ते कसे शिजवायचे याच्या सूचना लोकांना दिल्या गेल्या: कापायचा, मधला पिवळा कोंब काढून टाकायचा, कारण तो बाधतो, मग बटाट्यासारखा उकडायचा. “चव कशी?” मी विचारलं. “आधी गोड. मग घसा खरवडतो.”

त्यांचे वडील हिलेखोमला एका कंदवाल्याकडे मजूर होते. जानेवारीत त्यांनी मालकाकडून एक पोतं उधार आणलं, टायर नसलेल्या सायकलवर. मालकानं वहीत लिहून घेतलं. मेमध्ये देश सुटला. पुढच्या वर्षी हातात पैसे आले तेव्हा वडील ते फेडायला गेले, मुलाला बरोबर घेऊन. मालकानं वही उघडली, पानं चाळली आणि म्हणाला, ते पान फाटलंय. “पान फाटलेलं नव्हतं,” ब्यूरमन म्हणाले. “मी बघितलं होतं. बाबांनीही बघितलं.” परतताना वडील एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतर मरेपर्यंत त्या मालकाच्या गल्लीतून गेले नाहीत.

डच भाषेत कर्जाला ‘स्खुल्त’ म्हणतात. अपराधालाही ‘स्खुल्त’च म्हणतात. दोन्हींना एकच शब्द. ज्याचं देणं लागतो त्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नाही, हे त्या शब्दातच आहे. त्यांनी मला कधी कर्जात ठेवलं नव्हतं ते यासाठी. ६ युरो २५ सेंटांची चिठ्ठी म्हणजे, तू माझ्या दारावरून मान वर करून जा, असं सांगणं होतं. मी त्या माणसाला वाणी म्हणाले होते.

कर्जाचं हे वेड त्या मातीत जुनं आहे. चहा पिताना त्यांनी मला १६३७ची गोष्ट सांगितली. तुर्कस्तानातून आलेल्या या फुलाच्या मातीतल्या, न दिसणाऱ्या कंदांचे कागदी सौदे खानावळीत बसून होत होते. लोक त्याला ‘वाऱ्याचा व्यापार’ म्हणत. फेब्रुवारीत हारलेमच्याच एका लिलावात बोली लावायला कोणी पुढे आलं नाही आणि सगळं कोसळलं. पुढे वर्षभर कोणाचं देणं किती यावर भांडणं चालली आणि शेवटी १६३८ साली हारलेमच्या नगरपालिकेनं साडेतीन टक्के रक्कम देऊन सौदा मोडायची मुभा दिली. “साडेतीन टक्के!” ते म्हणाले. पावणेचारशे वर्षांनंतरही त्यांना त्याचा राग येत होता. कांद्याचा भाव सकाळी एक, दुपारी दुसरा पाहिलेल्या मला त्या खानावळी फार लांबच्या वाटल्या नाहीत.

मग मी त्यांना आमचा शब्द सांगितला. ऋणानुबंध. त्याची फोड करायला मला अर्धा तास लागला. ऋण म्हणजे तुमचं स्खुल्त. पण आमच्याकडे त्याला बंध चिकटलेला आहे. मागच्या कुठल्यातरी जन्माचं देणंघेणं बाकी असतं म्हणून माणसं एकमेकांच्या शेजारी येऊन पडतात. आणि हिशेब पुरा झाला की भेट संपते, असं माझी आजी म्हणायची.

ते बराच वेळ कप फिरवत राहिले. “म्हणजे सगळं फेडणं धोक्याचं आहे,” ते म्हणाले.

पुढच्या वर्षी बाजारातून आणलेल्या कंदांचं बिल आलं: १२ युरो ५० सेंट. मी तेरा दिले. ते नेहमी पाकीट उघडून सुटे मोजून हातात ठेवायचे. या वेळी त्यांनी पाकीट खिशात घातलं. “पन्नास सेंट माझ्याकडे राहू दे,” ते म्हणाले, आणि लहान मुलानं खोडी काढून बघावं तसं माझ्याकडे बघितलं. त्या माणसासाठी ते सोपं नसणार. रात्री झोप लागली की नाही कोण जाणे. पण ते पन्नास सेंट त्यांनी नंतर कधी दिले नाहीत, आणि दरवर्षी कंद लावताना आठवण मात्र करून द्यायचे.

ते गेले २०१९च्या फेब्रुवारीत, पंच्याऐंशीव्या वर्षी. ट्युलिपची नाकं नुकती मातीबाहेर आली होती. शेवटचा वाफा आम्ही नोव्हेंबरात मिळून लावला होता. म्हणजे लावला मी, ते खुर्चीत बसून काठीनं जागा दाखवत होते. एप्रिलमध्ये तो रिकाम्या घरामागे भरभरून फुलला. त्यांची मुलगी घर आवरायला आली तेव्हा डबा घेऊन आली. तिनं तो घासूनपुसून आणला होता. तिला मी काही बोलले नाही, पन्नास सेंटांचंही नाही. ती लगेच पर्स उघडेल याची भीती होती.

घर भाड्याचं होतं, मेमध्ये नवं जोडपं राहायला आलं. दोघं तरुण, तो वाफा पिवळा पडत चाललेला पाहून साफ करायला निघाले होते. मी फाटकातून आत गेले आणि जूनपर्यंत पानं राहू द्या, अशी विनंती केली. माना पडू द्या, मग मी स्वतः काढते. त्यांना ते घाण दिसत होतं, तरी राहू दिलं.

जूनच्या अखेरीस मी काटा घेऊन ढोपरांवर बसले. पहिल्यांदा ट्युलिप उपटले होते तेव्हा मी ब्यूरमनना विचारलं होतं की मी लावलेला कंद कुठे गेला, कारण हाताला नुसता तपकिरी कागदासारखा पापुद्रा लागला होता आणि त्याच्या कुशीत नवे कंद, एक मोठा, दोनतीन चिंगळ्या. “तू लावलेला संपला,” ते म्हणाले होते. “तो दरवर्षी संपतो. हे त्यानं केलेले.” त्या जूनमध्ये मी एकेक पापुद्रा बाजूला करत गेले. पूर्वी त्यांनी तिथे ढोपरांवर बसून लावलेल्यांपैकी एकही कंद त्या मातीत नव्हता, आणि सगळे त्यांचेच होते.

सुकवून, मोठे-लहान निवडून मी ते डब्यात भरले. भोकांतून वारा खेळत राहिला. ऑक्टोबरात दिवाळी आली. अर्धे कंद मी ठेवून घेतले, अर्धे डब्यातच राहू दिले, वर कागदात बांधून चार लाडू ठेवले आणि शेजारची घंटा वाजवली. नव्या जोडप्यातल्या मुलीनं झाकणाची भोकं बघितली, बुडाशी काय लिहिलंय ते विचारलं. मी वाचून दाखवलं. तीन कंद एकावर एक धरून खोली दाखवली. बिल दिलं नाही.

दोन दिवसांनी डबा आमच्या पायरीवर होता. घासलेला, पुसलेला, रिकामा.

मी तो उचलला आणि दारातच हसत उभी राहिले. आता त्यांना सांगायला हवं. भरायला वेळ लागला तरी हरकत नाही.